भीमाशंकरच्या तीन वाटा आणि खांडसचा वाटाड्या: चार भेटींनंतरचे परीक्षण

खांडस हे कर्जत तालुक्यातले गाव भीमाशंकरच्या कड्याच्या पायथ्याशी, कोकणच्या अंगाला वसलेले आहे. या गावातल्या एका वाटाड्याची सेवा घेऊन आम्ही गेल्या सव्वा वर्षात चार वेळा भीमाशंकरच्या जंगलात गेलो आणि या भेटींत ऋतू, वाटा आणि बरोबरची माणसे बदलत गेली. कधी भाऊ आणि त्याचा तेरा वर्षांचा मुलगा, कधी गुडघ्यांची तक्रार असलेले सत्तरीचे वडील, तर कधी फक्त आम्ही दोघे बहीण-भाऊ. हे परीक्षण त्या सेवेचे आहे. मात्र वाटाड्याची पारख त्याच्या वाटांवरच होते, म्हणून गणेश घाट, शिडी घाट आणि माथ्यावरच्या रानवाटा या तिन्हींविषयी जे कळले तेही सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगून टाकते. भीमाशंकर चढण्यासाठी जे पैसे खर्च करायचे असतील, त्यातला पहिला हिस्सा पायथ्याच्या गावातल्या जाणत्या माणसाला द्यावा. बूट, सॅक आणि काठ्या या सगळ्यांचा क्रम त्यानंतर.

हे मत बनायला एक वाईट अनुभव कारणीभूत ठरला. काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात मी मुंबईच्या एका आयोजकाबरोबर शिडी घाटाने गेले होते. चाळीसच्या वर माणसे होती. पुढे एक मार्गदर्शक होता, मधला नावापुरता आणि शेवटी कोणीच नाही. पाऊस सुरू होता, कातळावर शेवाळ आले होते आणि शिडीच्या पायथ्याशी रांग लागली ती दीड तास पुढे सरकली नाही. ओल्या कपड्यांनी थांबून थांबून लोकांना हुडहुडी भरली. एक मुलगी शिडीच्या मध्यावर जाऊन घाबरली; तिला वरही जाता येईना आणि खालीही उतरता येईना. मागच्या दहा-बारा जणांनी कंटाळून दुसरी वाट धरली, ती ढोरवाट निघाली आणि ते संध्याकाळी अंधार पडता पडता कसेबसे गावात परतले. कोणाला गंभीर इजा झाली नाही, हे नशीब. पण त्या दिवशी ज्या माणसाने त्या दहा-बारा जणांना हुडकून आणले तो खांडसचा होता, आयोजकाचा नव्हता आणि त्याला त्या कामाचे कोणी काही दिलेही नाही. मी त्या वेळी त्यांचा दूरध्वनी क्रमांक लिहून घेतला. तेच आमचे मामा. येथे त्यांचे नाव देत नाही.

वाटांकडे वळण्यापूर्वी डोंगराची ठेवण समजून घेणे आवश्यक आहे, कारण सोपे, मध्यम आणि अवघड हे शिक्के त्याशिवाय दिशाभूल करतात. सह्याद्रीचा हा भाग लाव्ह्याच्या थरांवर थर साचून तयार झाला आहे. यातले काही थर कठीण आहेत, काही ठिसूळ. ठिसूळ थर झिजतात आणि तेथे सपाटी तयार होते, कठीण थरांचे मात्र सरळसोट कडे उरतात. कोकणातून घाटमाथ्याकडे पाहिले की डोंगर एका दमात उभा राहिलेला दिसत नाही. मध्ये एक पायरी असते. त्या पायरीला आपल्याकडे पदर म्हणतात आणि पदरवाडी, पदरगड ही नावे त्यावरूनच आली आहेत. खांडसहून भीमाशंकरला जाताना म्हणूनच दोन चढ लागतात. पायथ्यापासून पदरापर्यंत एक आणि पदरापासून माथ्यापर्यंत दुसरा. एकूण चढाई ८०० मीटरच्या आसपास आहे. गणेश घाट आणि शिडी घाट या वाटा फक्त पहिल्या चढापुरत्या वेगळ्या आहेत; पदरवाडीजवळ त्या एकत्र येतात आणि दुसरा चढ दोघींनाही सारखाच आहे. ही एक गोष्ट कळली की निम्मे नियोजन सुटते. शिडी घाट निवडला म्हणजे सगळा डोंगर अवघड होत नाही आणि गणेश घाट निवडला म्हणून वरचा दमछाक करणारा चढ चुकत नाही.

आमची पहिली भेट डिसेंबरातली, गणेश घाटाने. कर्जत स्थानकावर सकाळी सातच्या आत उतरलो, कशेळेमार्गे खांडसला जायला गाडी ठरवली आणि गावाच्या पुढे, जेथून दोन वाटा फुटतात तेथे मामा उभे होते. पन्नाशीचा माणूस, अंगाने काटक, खांद्याला कापडी पिशवी, कमरेला कोयता आणि पायात रबरी चपला. पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी आमच्याकडून दोन गोष्टी वदवून घेतल्या: कोणाला दमा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे का आणि प्रत्येकाकडे पाणी किती आहे. माझ्या भावाकडे एकच बाटली होती. मामांनी त्याला गावात परत पाठवले आणि आणखी दोन बाटल्या भरून आणायला लावल्या. "ताई, वर विहीर आहे, पण तिच्या भरवशावर निघायचे नाही," एवढेच ते म्हणाले. माणशी तीन लिटर हा त्यांचा हिशेब डिसेंबरातही बरोबर निघाला.

गणेश घाटाची वाट रुंद आणि मळलेली आहे. तासाभराच्या चालीनंतर गणपतीचे छोटे देऊळ लागते, त्यावरून घाटाला नाव पडले आहे. तेथून वाट पदरगडाला वळसा घालत वर जाते. पदरगडाचे सुळके या सगळ्या चालीत सोबत करतात, एका वळणावर डोक्यावर आल्यासारखे वाटतात तर पुढच्या वळणावर झाडीआड जातात. मागे वळून पाहिले की कोथळीगडाचा टोकदार माथा दिसतो आणि त्याखाली भातखाचरांचे चौकोन. चढ सौम्य आहे, म्हणून लोक या वाटेला सोपी म्हणतात. मी तिला सोपी म्हणणार नाही, लांब म्हणेन. तेरा वर्षांच्या मुलाला पहिले दोन तास मजा वाटली, तिसऱ्या तासाला त्याने "अजून किती?" विचारायला सुरुवात केली आणि या वाटेवरची खरी परीक्षा तीच आहे. कोठेही हात टेकावे लागत नाहीत, कोठेही दरी पायाखाली येत नाही. पण पल्ला संपता संपत नाही आणि उन्हाचे काही टप्पे पूर्ण उघड्यावर आहेत.

मामांची एक सवय मला या वाटेवर प्रथम दिसली. जेथे जेथे फाटा आला तेथे तेथे ते थांबत, कोयत्याने एक पालेदार डहाळी तोडत आणि चुकीच्या वाटेवर आडवी टाकत, देठ आमच्या वाटेच्या दिशेने ठेवून. प्रथम मला वाटले, हे मागे पडलेल्या माझ्या भावासाठी आहे. पण भाऊ बरोबर असतानाही ते तसेच करत. विचारल्यावर त्यांनी सांगितले की मागून कोणी ना कोणी येतेच, आणि आलेल्या माणसाला ढोरवाट आणि माणसाची वाट यांत फरक कळत नाही. खुणा म्हणून दगडांवर रंगवलेले बाण या वाटेवर आहेत, परंतु ते बऱ्याच ठिकाणी फिकट झाले आहेत आणि काही तर उलट्या दिशेच्या फाट्यावर कोणी हौशी माणसाने रंगवलेले आहेत. त्या दिवशी मी बारा डहाळ्या मोजल्या.

पदरवाडीजवळच्या झोपडीत चहा मिळतो. सरबतही मिळते, पण चहा घ्यावा, कारण पुढचा चढ खरा आहे. येथून दाट जंगल सुरू होते आणि वाट नागमोडी वर सरकते. सावली मिळते, हवा गार होते, पण पावले जड होतात. मामांनी या टप्प्यावर आमचा वेग मुद्दाम कमी केला. वीस मिनिटे चाल, दोन मिनिटे उभ्याने विश्रांती. बसू मात्र देत नसत. बसले की मांड्या आखडतात, हे त्यांचे म्हणणे आम्हाला पुढे पटले. जेवण धरून आम्हाला वर पोहोचायला साडेसहा तास लागले. मुलाला देवळाचे शिखर दिसले तेव्हा तो शेवटची दोनशे पावले धावत गेला.

त्या दिवसाच्या जेवणाचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही. मामांच्या घरून तांदळाची भाकरी, झुणका, लसणीचा ठेचा आणि कांदा असे फडक्यात बांधून आले होते. भाकऱ्या पहाटे चुलीवर भाजलेल्या होत्या. दुपारी एक वाजता, पदरावरच्या झाडाखाली त्या सोडल्या तेव्हाही त्यांना वाकवले तर मोडत नव्हत्या, घडी होत होती. तांदळाची भाकरी सात तासांनंतर मऊ राहण्यासाठी पिठाची उकड किती काढावी लागते, हे स्वयंपाकघरात उभे राहणाऱ्याला ठाऊक आहे. या जेवणाचे त्यांनी माणशी १२० रुपये घेतले. उतरून आल्यावर त्यांच्या घरी गरम भात आणि कुळथाचे पिठले मिळाले, त्याचे वेगळे पैसे त्यांनी सांगितले नाहीत, आम्ही आग्रहाने दिले.

फेब्रुवारीतली दुसरी भेट वडिलांसाठी होती. त्यांना घाट चढणे शक्य नव्हते, म्हणून आम्ही पुण्याच्या बाजूने गाडीने वर गेलो आणि मामा पहाटे खांडसहून निघून आठ वाजता देवळाजवळ आम्हाला भेटले. हा खास माझ्या सोयीचा बंदोबस्त होता आणि त्यासाठी त्यांनी नेहमीच्या मोबदल्यापेक्षा २०० रुपयेच जास्त घेतले. माथ्यावरच्या वाटा सर्वांत सोप्या म्हणून ओळखल्या जातात आणि बहुतेक भाविक दर्शन घेऊन, चिमाजी अप्पांनी वसईच्या १७३९ मधील विजयानंतर आणलेली मोठी घंटा पाहून परत फिरतात. मला मात्र या सगळ्या प्रदेशातले सर्वांत समृद्ध दोन-तीन किलोमीटर येथेच वाटतात.

गुप्त भीमाशंकर या भीमेच्या उगमाशी जोडलेल्या ठिकाणाची वाट देवळापासून जंगलात शिरते. उतार हलका आहे, झाडांची मुळे पायऱ्यांसारखी आडवी पसरलेली आहेत आणि डोक्यावर छत इतके गच्च की दहा वाजताही ऊन कवडशांनीच खाली येते. येथे उगम पावलेली भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते आणि साधारण ८६० किलोमीटर वाहत जाऊन कृष्णेला मिळते. पण येथे ती दगडांमधली ओल आहे, फेब्रुवारीत तर नुसती चाहूल. वडील त्या ओलीजवळ बराच वेळ उभे राहिले. त्यांनी आयुष्यात सतरा वाऱ्या केल्या आहेत. त्यांनी वाकून दोन बोटे त्या पाण्याला लावली, डोळ्यांना लावली आणि कोणाशी काही न बोलता पुढे चालू लागले.

अंजनीची झाडे त्या सुमारास फुलली होती. निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके थेट फांद्यांच्या सालीतून फुटलेले असतात, जणू फांदीला कोणी बोटाने रंग लावावा. मामांनी हिरड्याचे झाड दाखवले आणि उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करून वाळवण्यावर माथ्यावरच्या महादेव कोळी कुटुंबांचा वर्षाचा केवढा खर्च निघतो, तेही सांगितले. नंतर ते एकाएकी थांबले आणि त्यांनी हात वर केला. आम्हाला काही दिसेना. त्यांनी बोट दाखवले नाही, कारण बोट दाखवले की आपण हलतो, बोलतो. ते फक्त वर पाहत राहिले आणि त्यांच्या नजरेच्या रेषेत पाहिल्यावर आधी लोंबणारी जाड शेपूट दिसली, मग तांबूस-तपकिरी पाठ, मग दोन्ही पंजांत धरलेले फळ. शेकरू. ते फळ गोल फिरवत कुरतडत होते आणि टरफलांचा चुरा आमच्या पुढ्यातल्या पाचोळ्यावर टपटप पडत होता. तो आवाज इतका स्पष्ट होता की वडिलांनी आधी तो ऐकला आणि मग शेकरू पाहिले. पाचेक मिनिटांनी त्याने एका झाडावरून दुसऱ्या झाडावर उडी घेतली, ती सहज पंधरा फुटांची असेल. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी जमिनीवर क्वचितच उतरतो, म्हणून त्याला फांद्यांना फांद्या लागलेले सलग रान हवे असते. सुमारे १३० चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले ते मुख्यतः त्याच्यासाठी. जंगलात गाणी लावून फिरणाऱ्या एका घोळक्याला त्या दिवशी एकही शेकरू दिसले नाही, हे परतताना त्यांच्याच तोंडून कळले.

नागफणी या कड्यावरच्या टोकापर्यंत वडील आले नाहीत, आम्ही दोघे गेलो. ही वाट हनुमान तळ्याच्या बाजूने आहे, चढ थोडाच, परंतु टोकावर कोकणाचा कडा सुटतो तेव्हा तेथे कठडा नाही आणि वारा फार असतो. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी सोपी वाट या शब्दाचा अर्थ येथे वेगळा धरावा. चालायला सोपी आणि उभे राहायला धोक्याची, अशी ती जागा आहे.

आता शिडी घाट. त्याची गोष्ट दोन भागांत आहे आणि पहिला भाग या परीक्षणाचे खरे कारण आहे. ऑक्टोबरात, पाऊस संपून आठवडा झाला असेल असे समजून, आम्ही दोघे बहीण-भाऊ शिडी घाटासाठी खांडसला पोहोचलो. आदल्या रात्री सर येऊन गेली होती. आकाश निवळलेले, ऊन पडलेले, समोरचा कडा धुऊन काढल्यासारखा. मामा आम्हाला शिडीच्या अलीकडच्या रानापर्यंत घेऊन गेले, तेथे एका कातळावर त्यांनी चप्पल काढून अनवाणी पाय टेकवला, टाच घासून पाहिली आणि म्हणाले, "आज नाही." आम्ही सुट्ट्या काढून आलो होतो. भावाने समजावून पाहिले, थोडी घासाघीस केली, जास्त पैसे देऊ केले, ज्याची मला आज लाज वाटते. मामांनी शांतपणे सांगितले की ऊन वरच्या अंगाला पडले आहे, शिडीच्या बाजूचा कातळ सावलीत आहे, तो दुपारपर्यंत वाळणार नाही आणि आम्हाला जायचेच असेल तर ते बरोबर येणार नाहीत, इतर कोणाला पाठवणारही नाहीत. आम्ही परत फाट्यापर्यंत आलो आणि गणेश घाटाने गेलो. त्या वेळी मनात थोडा राग होता. चार हंगाम जवळून पाहिल्यावर आज मला वाटते की त्या एका नकारासाठीच वाटाड्या करायचा असतो. रस्ता दाखवण्याचे काम आता भ्रमणध्वनीवरचा नकाशाही बऱ्यापैकी करतो. टाच घासून कातळ किती ओला आहे हे त्याला कळत नाही, आणि ग्राहकाला नाही म्हणायचे धैर्यही त्याच्यात नसते.

दुसरा भाग जानेवारीतला. थंडीची कोरडी सकाळ, साडेसातला सुरुवात. काठेवाडीच्या अंगाने वाट रानात शिरते आणि थोड्याच वेळात दगडगोट्यांमधून उभी चढू लागते. तासाभराने कातळ समोर येतो आणि त्याला टेकवलेली लोखंडी शिडी दिसते. मामांनी आम्हाला दहा पावले मागे थांबवले, स्वतः वर गेले आणि प्रत्येक पायरीवर कोयत्याची पाठ हलकेच आपटत, कान देऊन ऐकत, सावकाश चढत राहिले. घट्ट बसलेली पायरी खणखणते. एका पायरीचा आवाज बोदा आला. त्यांनी खिशातून तार काढून ती पायरी उभ्या दांड्याला तीन वेढे देऊन आवळली, पुन्हा आपटून पाहिली आणि तरीही उतरून आल्यावर आम्हाला सांगितले की खालून सातवी पायरी मोजायची आणि तिच्यावर भार न देता पुढच्या पायरीवर जायचे. मी चढताना मोठ्याने आकडे मोजत होते.

शिडीवर एका वेळी एकच माणूस, हा त्यांचा पहिला नियम. सॅक पाठीवर ठेवायची नाही, ती दोराने वर ओढून घ्यायची, हा दुसरा. शिडीनंतर कातळाच्या पोटातून जी आडवी वाट जाते ती शिडीपेक्षा अवघड आहे, हे कोणी आधी सांगत नाही. पाऊल मावेल एवढीच रुंदी, डाव्या-उजव्या हाताला खोबणी आहेत पण त्या शोधाव्या लागतात, आणि पाठीमागे झाडांचे शेंडे पायांच्या खाली दिसतात. मामा माझ्या पुढे उलटे, म्हणजे माझ्याकडे तोंड करून सरकत होते आणि प्रत्येक खोबणीवर स्वतःचा हात ठेवून तो उचलत, तेथे माझा हात जाई. दोन पाय आणि एक हात पक्का असल्याशिवाय दुसरा हात सोडायचा नाही, एवढेच ते पुन्हा पुन्हा सांगत. त्या आडव्या वाटेला आम्हाला दहा-बारा मिनिटे लागली असतील. त्यानंतर आणखी शिडी आणि कातळाचे टप्पे आहेत, पण पहिल्याची भीती मोडली की ते जमतात. पदरवाडीला आम्ही दोन तासांत पोहोचलो आणि माथ्यावर साडेचार तासांत. वेळ गणेश घाटापेक्षा दोन तासांनी कमी, थकवाही कमी. केवळ दमाच्या हिशेबाने पाहिले तर शिडी घाट सोपा आहे आणि म्हणूनच तो फसवतो. ज्यांचे पाय मजबूत आहेत पण उंचीची भीती आहे, त्यांनी हा घाट टाळावा. ज्यांना उंचीची भीती नाही पण पल्ला झेपत नाही, त्यांनी कोरड्या हवेत वाटाड्यासह तो जरूर करावा. उतरताना मात्र कोणीही शिडी घाट धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मामाही त्या वाटेने कोणाला उतरवत नाहीत. आम्हीही गणेश घाटानेच उतरलो.

सेवेतल्या उणिवा लिहिणे माझे कर्तव्य आहे. मामांकडचा दोर जुना आहे. सॅक ओढायला तो ठीक, माणसाच्या वजनासाठी त्यावर विसंबू नये. हेल्मेट, कमरेचा पट्टा यांपैकी काही त्यांच्याकडे नाही. प्रथमोपचाराची पेटी नाही, म्हणून ती आम्ही स्वतः नेतो, त्यात चिकटपट्ट्या, क्रेप बँडेज आणि ग्लुकोजची पाकिटे ठेवतो. दूरध्वनी लागणे हा नशिबाचा भाग आहे. गावात रेंज येते-जाते, म्हणून दोन दिवस आधी संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान लावत राहावे लागते. मोबदला ठरलेला नसतो. आम्ही गणेश घाटासाठी दिवसाचे १,००० आणि शिडी घाटासाठी १,५०० रुपये दिले आणि ते आधीच बोलून घेतले, कारण खाली उतरल्यावर दमलेल्या माणसाने पैशांचे बोलणे दोघांनाही अवघडते. एका वेळी आठपेक्षा जास्त माणसे ते घेत नाहीत. ही काहींना अडचण वाटेल, मला ती हमी वाटते.

वाटेवरच्या सोयींबद्दल मात्र फारसे चांगले लिहिता येत नाही. पायथ्यापासून पदरवाडीपर्यंत आणि तेथून माथ्यापर्यंत स्वच्छतागृह कोठेही नाही, त्यामुळे बायकांनी निघण्यापूर्वी गावात सोय करून घ्यावी; मामांच्या घरच्यांनी आम्हाला त्यासाठी कधी संकोच वाटू दिला नाही. पदरावरच्या विसाव्यांच्या आसपास बाटल्या आणि वेफर्सची पाकिटे साचली आहेत. मामा उतरताना कापडी पिशवीत जमेल तेवढे भरून खाली आणतात. डिसेंबरात माझ्या भाच्याने ते पाहिले आणि त्यानेही पिशवी मागून घेतली, ती भरली तेव्हा तिच्यात एकवीस बाटल्या होत्या.

पावसाळ्याविषयी लोक फार विचारतात. भर पावसात या कड्यावरून कोसळणारे पाणी, ढगांत बुडालेले रान आणि रात्री सडक्या फांद्यांवर हिरवट चमकणारी बुरशी यांची ख्याती खरी आहे, पण घाटवाटांसाठी तो काळ नाही. जंगलात रात्री फिरण्यास मनाई आहे आणि पावसाळ्यात या वाटा प्रशासनाच्या आदेशाने बंद ठेवल्या जातात, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावी आणि बंदी असेल तर गावातल्या कोणाला वाट दाखवण्यासाठी गळ घालू नये, कारण दंड आणि बोल दोन्ही त्याच्या वाट्याला येतात. गणेश घाटासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. शिडी घाटासाठी डिसेंबरचा उत्तरार्ध आणि जानेवारी, तेही आदल्या दोन दिवसांत पाऊस नसेल तर. माथ्यावरच्या वाटांसाठी फेब्रुवारी-मार्च, सकाळी दहाच्या आत, आणि महाशिवरात्र व श्रावणी सोमवार वगळून, कारण त्या दिवशीची गर्दी भक्तीची असते आणि रान तेव्हा लांब सरकते.

पुढच्या थंडीत आहुपे घाटाने, खोपिवलीकडून चढून जायचे आम्ही ठरवले आहे. मामांची सासुरवाडी त्या बाजूला आहे, पण घाट त्यांनी बऱ्याच वर्षांत चढलेला नाही. म्हणून त्यांनी आमच्याकडे आधीचा एक दिवस मागून घेतला आहे. त्या दिवशी ते एकटे वर जाऊन वाट पाहून येणार आहेत आणि त्या दिवसाचेही पैसे आम्ही देणार आहोत.